तोट्याचा हिशेब

इ. स. १८७७ च्या अखेरीस अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने आपल्या उपयोगासाठी एक डायनॅमो खरेदी करण्याचे मनात आणले, तेव्हा त्या विद्वन्मान्य संस्थेपुढे जी अडचण उभी राहिली ती त्या काळच्या कोणत्याही गिऱ्हाइकापुढे उभी राहणारीच होती. बाजारात ब्रश, वॉलेस-फार्मर, ग्राम अशा नावांची यंत्रे आलेली होती, प्रत्येक कारखानदार आपलेच यंत्र सर्वांत सरस असे छातीठोकपणे सांगत होता, आणि या सांगण्याची खातरजमा करून घेण्याचे एकही सर्वमान्य साधन कोणापाशी नव्हते. वाफेच्या इंजिनाची गोष्ट निराळी होती. प्रोनी या फ्रेंच अभियंत्याने १८२१ च्या सुमारास फिरत्या चाकाभोवती लाकडी ठोकळे आवळून, त्यांना जोडलेल्या दांड्याच्या टोकाशी वजने टांगून, इंजिनाची अश्वशक्ती प्रत्यक्ष तोलून दाखविण्याची रीत घालून दिली होती, व अर्ध्या शतकाच्या वहिवाटीने ती खरेदीदार व विक्रेता या दोघांच्याही अंगवळणी पडली होती. डायनॅमोच्या एका अंगाने पट्ट्यावाटे शक्ती आत जात होती हे दिसत होते. परंतु दुसऱ्या अंगाने तारांवाटे जे काही बाहेर पडत होते ते डोळ्यांना दिसणारे नव्हते आणि तराजूत पडणारेही नव्हते.

संस्थेने यंत्रे मागवून घेतली, एक समिती नेमली, आणि विजेच्या मोजणीचे काम तेथील सेंट्रल हायस्कुलातील एडविन ह्यूस्टन व इलायह्यू टॉमसन या दोन शिक्षकांवर सोपविले. यांपैकी टॉमसन त्या वेळी जेमतेम पंचविशीत पोचत होता. पुढे विजेच्या मापनविद्येत त्याचे नाव पुन्हा येणार आहे. शालेय प्रयोगशाळेतल्या उपकरणांनी या दोघांनी जे मोजले त्यावरून ग्रामचे यंत्र कार्यक्षमतेत पहिले ठरले. तरीही समितीने संस्थेसाठी पसंती दिली ती ब्रशच्या यंत्राला, कारण किंमत आणि सुटसुटीतपणा यांचाही विचार तिने केला. या निर्णयात मला तरी काही वावगे दिसत नाही. आपण किती कार्यक्षमता सोडून देत आहोत आणि तिच्या मोबदल्यात काय पदरात पाडून घेत आहोत हे जाणून घेऊन केलेली, विजेच्या यंत्राची ही बहुधा पहिली शहाणपणाची खरेदी असावी.

मात्र मोजायचे ते कोणत्या एककात, याविषयी तेव्हा एकमत नव्हते. जर्मनीत वेर्नर सीमेन्सने ठरविलेले पाऱ्याच्या स्तंभाचे रोधमान चालत असे, तर इंग्लंडात ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने तयार केलेली तारेची वेटोळी प्रमाण मानली जात. आणि ही वेटोळीही, पुढे लॉर्ड रॅले वगैरेंनी केंब्रिजात केलेल्या तपासणीत दिसून आले त्याप्रमाणे, अपेक्षित मानाहून एक टक्क्यापेक्षा अधिक लहान निघाली. १८८१ च्या सप्टेंबरात पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ओहम, व्होल्ट, अँपियर, कूलंब आणि फॅरड ही नावे सर्व राष्ट्रांनी मान्य केली. एका ओहमसाठी एक चौरस मिलिमीटर छेदाच्या पाऱ्याच्या स्तंभाची लांबी किती धरावी, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला, तो १८८४ साली १०६ सेंटिमीटर असा तात्पुरता मिटविला गेला आणि १८९३ च्या शिकागो परिषदेत १०६.३ सेंटिमीटर असा दुरुस्त झाला. शक्तीच्या एककाला वॅट म्हणावे ही सूचना वेर्नरचा इंग्लंडात स्थायिक झालेला बंधू विल्यम सीमेन्स याने १८८२ साली केली. मापे ठरण्याच्या आधीच मालाचा व्यापार सुरू झाला होता, हे या सर्व घालमेलीचे मूळ कारण होय.

त्यातच एका अर्धवट समजलेल्या नियमाने या व्यवसायाच्या वाटेत मोठी धोंड टाकली होती. सेंट पीटर्सबर्गच्या याकोबीने बॅटरीसंबंधी एक सिद्धान्त मांडला होता : बाहेरच्या मंडलाचा रोध बॅटरीच्या अंतर्गत रोधाइतका असला म्हणजे तिच्यापासून जास्तीत जास्त शक्ती मिळते. हे म्हणणे निर्दोष आहे. परंतु अशा स्थितीत अर्धी शक्ती बॅटरीतच उष्णतेच्या रूपाने नष्ट होते. या दोन गोष्टींची गल्लत करून कित्येक मान्यवर पंडितांनी असा निष्कर्ष काढला होता की, कोणत्याही विद्युद्यंत्राची कार्यक्षमता पन्नास टक्क्यांच्या वर जाणेच अशक्य आहे. जास्तीत जास्त शक्ती काढणे निराळे आणि कमीत कमी तोट्यात शक्ती काढणे निराळे, हा भेद एडिसनच्या मेन्लो पार्क येथील प्रयोगशाळेत, विशेषतः बर्लिनला हेल्महोल्ट्झच्या हाताखाली शिकून आलेल्या फ्रान्सिस अप्टन या गणितज्ञाच्या लक्षात आला. १८७९ साली त्यांनी अंतर्गत रोध अत्यल्प ठेवून बांधलेल्या डायनॅमोची कार्यक्षमता नव्वद टक्क्यांच्या घरात असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांची यथेच्छ टवाळी झाली. हा वाद तर्काने मिटण्यासारखा नव्हताच. प्रिन्स्टनचे प्राध्यापक ब्रॅकेट आणि यंग यांनी मेन्लो पार्कला जाऊन ते यंत्र तपासले. ज्याच्या नावाने डायनॅमो पाळण्यात टांगून त्याचा पिळा मोजण्याचे उपकरण पुढे प्रसिद्ध झाले, तोच हा ब्रॅकेट. एडिसनच्या आकड्यांत अतिशयोक्तीचा अंश काय असेल तो असो; पन्नास टक्क्यांची मर्यादा ही निसर्गाने घातलेली नव्हती, एवढे निर्विवाद सिद्ध झाले.

यंत्राची परीक्षा झाली. पण गिऱ्हाइकाच्या घरात जाणाऱ्या विजेचे काय? ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील केंद्रातून एडिसनने दिवे लावले, तेव्हा आरंभीचे काही महिने त्याने पैसेच आकारले नाहीत. पुढे आकारणी सुरू झाली ती एका रासायनिक मापकाच्या आधारे. काचेच्या बरणीत जस्ताच्या सल्फेटचा द्राव, त्यात जस्ताचे दोन पत्रे, आणि गिऱ्हाइकाच्या प्रवाहाचा एक ठरावीक, अगदी क्षुल्लक अंश तेवढा त्या बरणीतून जाणारा, असे हे उपकरण होते. प्रवाहाबरोबर एका पत्र्याचे जस्त झिजून दुसऱ्यावर साचे. महिनाअखेर कंपनीचा माणूस येऊन पत्रे घेऊन जाई, धुऊन वाळवून ते सूक्ष्म तराजूत तोलले जात, आणि वजनातल्या फरकावरून बिल तयार होई. एक अँपियर प्रवाह तासभर वाहिला तर सुमारे सव्वा ग्रॅम जस्त साचते. मापकातून हजारावा अंश जात असेल असे धरले, तर एडिसनच्या सुमारे पाऊण अँपियर घेणाऱ्या दिव्याच्या एका तासाबद्दल तराजूत जेमतेम एक मिलिग्रॅमचा फरक पडणार! हिवाळ्यात द्राव गोठू नये म्हणून पेटीत एक दिवा ठेवलेला असे, आणि थंडी वाढली की धातूची पट्टी वाकून तो आपोआप लागे.

एवढा खटाटोप करूनही त्या पेटीतल्या पत्र्यांवरून गिऱ्हाइकाला काहीच वाचता येत नसे, हा तिचा खरा दोष होता. एडिसनने पुढे सांगितलेली एक हकीकत प्रसिद्ध आहे. त्याचा सावकार जे. पी. मॉर्गन याचाच या मापकावर भरवसा बसेना; म्हणून त्याच्या कचेरीत प्रत्येक दिव्यापाशी कार्ड टांगून दिवा केव्हा लावला, केव्हा मालवला याची नोंद ठेवण्याचे ठरले. महिनाअखेर कार्डांचा हिशेब आणि मापकाचा हिशेब जुळेना. चौकशीअंती असे निष्पन्न झाले की, रात्री झाडलोट करणारा नोकर जे दिवे लावी त्यांची नोंद कोणीच करीत नव्हते. ती धरल्यावर दोन्ही आकडे एकमेकांच्या अगदी जवळ आले. सावकाराला अशी खातरजमा करून घेण्याची सवड होती. सामान्य दुकानदाराने मात्र कंपनीच्या तराजूवर आणि कंपनीच्याच कारकुनावर विश्वास ठेवावा, अशी अपेक्षा होती. विक्रेत्याचे माप, विक्रेत्याचा मापारी आणि विक्रेत्याचीच वही, ही व्यवस्था कोणत्याही पेठेत फार काळ टिकत नाही. आपल्याकडे १९१० च्या विद्युत् कायद्यान्वये मीटरच्या खरेखोटेपणाविषयीचा तंटा सरकारी इन्स्पेक्टरकडे नेण्याची जी तजवीज झाली, तिच्यामागेही हाच अनुभव होता.

घड्याळाच्या तबकडीप्रमाणे कोणालाही वाचता येईल असा मापक ज्यांनी प्रथम कल्पिला, त्यांपैकी विल्यम एअर्टन याचा आपल्या मुंबईशी संबंध आहे. १८६८ साली तो हिंदुस्थानच्या तारखात्यात नोकरीस लागून मुंबईस आला, आणि शेकडो मैल लांबीच्या तारेत बिघाड नेमका कोठे झाला आहे हे कचेरीत बसून विद्युन्मापनाने शोधून काढण्याच्या पद्धतीवर त्याने येथे काम केले. दूरच्या दोषाचे स्थान टोकाशी केलेल्या मोजणीवरून ओळखण्याची ही सवय त्याच्या पुढील सर्व संशोधनात दिसते. नंतर तो टोकियोस गेला, तेथे जॉन पेरी याच्याशी त्याची जोडी जमली, आणि लंडनला परतल्यावर या जोडीने अँपियरमापक, व्होल्टमापक, शक्तिमापक अशी हाताळण्याजोगी उपकरणे एकामागून एक बाजारात आणली. १८८२ च्या सुमारास त्यांनी सुचविले की, घड्याळाच्या लंबकावर गिऱ्हाइकाच्या प्रवाहाचा परिणाम होऊ द्यावा. घड्याळ जितके पुढे वा मागे पडेल तितकी वीज खर्च झाली. हीच कल्पना जर्मनीत हेर्मान आरॉन याने १८८४ पासून दोन लंबकांच्या घड्याळाच्या रूपाने व्यवहारात आणली. एक लंबक मुक्त, दुसरा विजेच्या अमलाखाली, आणि दोघांतला फरक तेवढा दात्यांच्या चाकांनी तबकडीवर नोंदलेला, अशी तिची रचना होती. १८९० साली पॅरिस शहराने भरविलेल्या मापकांच्या स्पर्धेत आरॉनच्या या घड्याळाला आणि अमेरिकेहून आलेल्या एका लहानशा मोटारवजा मापकाला बक्षीस विभागून मिळाले. दुसरा मानकरी फिलाडेल्फियाच्या शाळेतला तो शिक्षक, इलायह्यू टॉमसन, होय.

आता मुख्य विषयाकडे येतो. डायनॅमोची कार्यक्षमता नव्वद टक्क्यांपर्यंत पोचली, तेव्हा परीक्षकांची एक नवीच पंचाईत झाली. यंत्रात शंभर अश्वशक्ती शिरली आणि नव्वद बाहेर पडली असे समजा. आत जाणारी शक्ती मोजताना दोन टक्क्यांची चूक आणि बाहेर येणारी मोजताना पुन्हा दोन टक्क्यांची चूक होणे त्या काळी मुळीच लाजिरवाणे नव्हते. पण या दोन चुका विरुद्ध दिशांना पडल्या, तर वजाबाकी करून निघणारा दहाचा तोटा एकदा सहा भरतो आणि एकदा चौदा! भरल्या बैलगाडीचे वजन करावे, मग गाडीवानाला खाली उतरवून तीच गाडी पुन्हा तोलावी, आणि या दोन वजनांच्या फरकावरून गाडीवान रोडावला की पुष्ट झाला हे ठरवावे, अशातलाच हा प्रकार होता. ज्या कारखानदाराने आपले यंत्र सुधारून तोटा दहावरून आठावर आणला असेल, त्याला आपली सुधारणा सिद्ध करण्याचा मार्गच उरला नव्हता.

हा मार्ग ज्याने काढला तो जॉन हॉपकिन्सन मँचेस्टरच्या एका उद्योगी घराण्यातला. १८७१ साली केंब्रिजच्या गणितपरीक्षेत तो पहिला आला. पण विद्यापीठात न रमता बर्मिंगहॅमजवळच्या चान्स बंधूंच्या काचकारखान्यात दीपगृहांची भिंगे बनविण्याच्या कामी लागला. गणिताची तीक्ष्णता आणि कारखान्याची व्यवहारदृष्टी यांचा असा संगम त्या पिढीत क्वचितच आढळतो. १८७९ साली त्याने सीमेन्सच्या डायनॅमोचे वर्तन एका वक्ररेषेने कागदावर उतरवून दाखविले. निरनिराळ्या प्रवाहांना यंत्र किती विद्युत्दाब निर्माण करते, याचा तो आलेख होता. आणि त्यामुळे यंत्र बांधण्यापूर्वी व विकत घेण्यापूर्वी त्याच्याविषयी काही निश्चित विधान करणे प्रथमच शक्य झाले. एडिसनच्या डायनॅमोचे चुंबकीय मंडल सदोष आहे, त्याचे लांबच लांब पाय आखूड व जाड केले तर तेवढ्याच लोखंडा-तांब्यात कितीतरी अधिक काम निघेल, हेही त्यानेच दाखविले. आणि सॅल्फर्डच्या मॅथर अँड प्लॅट या कारखान्यात, जेथे त्याचा धाकटा भाऊ एडवर्ड काम करीत होता, ही सुधारलेली यंत्रे तयार होऊ लागली. ती किती चांगली आहेत हे सिद्ध करण्याची गरज अर्थातच या भावांनाच सर्वांत अधिक होती.

१८८६ साली रॉयल सोसायटीपुढे ठेवलेल्या निबंधात या दोघा भावांनी जी परीक्षापद्धती वर्णन केली, ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. अगदी सारखे असे दोन डायनॅमो घ्यावेत, त्यांचे दांडे एकमेकांस जोडावेत आणि त्यांच्या ताराही एकमेकांस जोडाव्यात. चुंबकीय क्षेत्रात थोडा फरक केला की पहिले यंत्र वीज निर्माण करू लागते. ती वीज दुसऱ्या यंत्रात जाते व ते मोटारीसारखे फिरू लागते. आणि हे दुसरे यंत्र आपल्या दांड्याने पुन्हा पहिल्यालाच फिरविते. दोन्ही यंत्रांतून पूर्ण भाराची शक्ती खेळत असते. पण ती चक्राकार फिरत राहते, बाहेर जातच नाही. या फेऱ्यात जे नष्ट होते तेवढेच बाहेरून भरून काढावे लागते, म्हणजे वाफेच्या इंजिनाच्या पट्ट्यावाटे जी शक्ती द्यावी लागते ती केवळ दोन्ही यंत्रांचा मिळून झालेला तोटा होय. ती मोजावी, निम्मी करावी, की एका यंत्राचा तोटा हाती आला. ती मोजताना दोन टक्क्यांची चूक झाली तरी ती वीस अश्वशक्तींच्या दोन टक्के, म्हणजे अर्ध्या अश्वशक्तीहूनही कमी होणार. कार्यक्षमतेच्या आकड्यात तिचा परिणाम शेकडा पाव भागाइतकाही उमटणार नाही. शिवाय शंभर अश्वशक्तीच्या दोन यंत्रांची भरभारावर परीक्षा घेण्यास वीस अश्वशक्तीचे इंजिन पुरे होते, आणि निर्माण झालेली वीज जाळायची कोठे हा प्रश्नही उद्भवत नाही. हॉपकिन्सन बंधूंच्या यंत्रांची कार्यक्षमता या कसोटीवर नव्वदीच्या वर भरली, आणि या वेळी त्या आकड्याची टवाळी कोणी केली नाही.

या युक्तीतला खरा मर्मभेद यांत्रिक नव्हे, वैचारिक आहे. तोवरचे परीक्षक यंत्राने काय दिले ते मोजत होते आणि तोटा वजाबाकीने काढीत होते. हॉपकिन्सनने तोटा मोजला आणि देणे वजाबाकीने काढले. जे लहान आहे ते प्रत्यक्ष मोजावे, जे मोठे आहे ते हिशेबाने मिळवावे, एवढा हा बदल. पण त्यानंतरच्या बहुतेक सर्व परीक्षा याच धाटणीच्या आहेत. जेम्स स्विनबर्न याच्या नावाने प्रसिद्ध असलेली पद्धत तर याहून काटकसरी : यंत्र रिकामेच मोटारीसारखे फिरवावे, रिकामे फिरताना ते जे खाते ते मोजावे, आणि तारांच्या रोधावरून भाराचा तोटा कागदावर काढावा. ज्या कारखान्यात सारखे दुसरे यंत्र नसेल तेथे ही सोयीची. मात्र भाराखाली यंत्र किती तापेल हे तिच्यातून मुळीच कळत नाही, आणि यंत्रे मरतात ती बहुधा तापूनच.

इतक्यात प्रत्यावर्ती प्रवाहाने सारा डावच उधळून दिला. १८८५ साली बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातील झिपेरनोव्स्की, देरी व ब्लाथी या त्रयीने व्यवहारोपयोगी ट्रान्सफॉर्मर सिद्ध केला, अमेरिकेत वेस्टिंगहाउसने त्या प्रवाहाचा पुरस्कार केला. पण क्षणोक्षणी दिशा बदलणाऱ्या प्रवाहापुढे एडिसनच्या मापकातले जस्त जेवढे एका अर्धक्षणी साचे तेवढे दुसऱ्या अर्धक्षणी झिजे, सबब तो निरुपयोगी ठरला, आणि घरात दिवे किती यावर ठोकळ आकारणी करण्याची वेळ आली. १८८८ च्या वसंतात वेस्टिंगहाउसचा अभियंता ऑलिव्हर शॅलेनबर्गर एक नवा चापदीप तपासत असता त्यातली एक लहानशी स्प्रिंग निसटून वेटोळ्याजवळ पडली व आपोआप गोल फिरू लागली. दुसऱ्या कोणी ती उचलून जागच्या जागी बसविली असती. शॅलेनबर्गरने फिरत्या चुंबकीय क्षेत्राचा तो खेळ ओळखला आणि थोड्याच आठवड्यांत फिरत्या चकतीचा मापक तयार केला. हेच तत्त्व तूरिन येथे गालिलिओ फेरारिस याने काही काळ आधी शोधले होते व त्याच वर्षी प्रसिद्ध केले. परंतु शॅलेनबर्गरचा हा मापक नुसते अँपियर-तास मोजी. खरे वॅट-तास नोंदणारा प्रत्यावर्ती प्रवाहाचा मापक १८८९ साली ब्लाथीने पुढे आणला, आणि आपल्या दाराशी दशकानुदशके जी चकती फिरत राहिली तिचा मूळ पुरुष तोच.

अँपियर आणि वॅट यांतला हा फरक तेव्हा भल्याभल्यांना चकवीत असे. एकदिश प्रवाहात व्होल्टला अँपियरने गुणले की शक्ती निघते. प्रत्यावर्ती प्रवाहात दाब आणि प्रवाह यांचे पाऊल एकत्र पडत नसेल, तर हा गुणाकार खऱ्या शक्तीहून कितीतरी मोठा येतो. स्विनबर्नने खुल्या चुंबकीय मंडलाचा, टोकांशी लोखंडी तारांचा पिसारा फुललेला एक ट्रान्सफॉर्मर बनविला होता, त्याला लोक साळिंदर म्हणत. रिकामा असतानाही तो प्रवाह भरमसाट घेई, म्हणून तो उधळ्या आहे असे प्रतिस्पर्धी म्हणत. प्रवाह घेत असला तरी शक्ती खात नाही, असे स्विनबर्न म्हणे. या वादाचा निवाडा करण्यासाठी प्रत्यावर्ती शक्ती बिनचूक मोजता येणे आवश्यक होते. शक्तिमापकांवर तर कोणाचाच विश्वास नव्हता. तेव्हा एअर्टन आणि त्याचा सहकारी सम्पनर यांनी १८९१ साली केवळ तीन व्होल्टमापकांच्या वाचनांवरून खरी शक्ती काढण्याची रीत दिली, फ्लेमिंग या इंग्रज विद्युत्तज्ज्ञाने तीन अँपियरमापकांची दिली, आणि १८९२ साली फ्लेमिंगने नानाविध ट्रान्सफॉर्मर एका रांगेत घेऊन त्यांची जी तपासणी प्रसिद्ध केली, तिने पुष्कळशी धूळ खाली बसविली. सम्पनरने त्याच सुमारास हॉपकिन्सनची युक्ती ट्रान्सफॉर्मरला लागू केली. दोन सारखे ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावून असे जोडायचे की, एका वाटेने फक्त लोखंडातला तोटा पुरविला जावा आणि दुसऱ्या वाटेने फक्त तांब्यातला. दोन्ही यंत्रे पूर्ण भाराइतकी तापतात, खर्च मात्र तोट्यापुरताच होतो. पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून या दोन परीक्षा करीत विद्यार्थ्यांच्या पिढ्या गेल्या आहेत.

कारखान्याच्या आवारातली ही विद्या जगापुढे उघड्यावर आली ती १८९१ च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनात. वीज दूर नेता येते काय, हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर होता. १८८२ साली मार्सेल देप्रे याने ऑस्कर फोन मिलरच्या पुढाकाराने मीस्बाखहून म्यूनिखपर्यंत सत्तावन्न किलोमीटर एकदिश वीज नेली होती, पण तिचा सुमारे चतुर्थांशच मुक्कामी पोचला, आणि टीकाकारांना तेवढे पुरे होते. आता त्याच मिलरने नेकार नदीवरील लाउफेनच्या सिमेंट कारखान्यातल्या जलशक्तीवर सुमारे तीनशे अश्वशक्तीचे जनित्र बसवून तीन कलांची प्रत्यावर्ती वीज १७५ किलोमीटरांवर आणण्याचे ठरविले. जनित्र बांधले ओर्लिकोन कारखान्याच्या चार्ल्स ब्राऊनने, ट्रान्सफॉर्मर तेलात बुडविले, दाब पंधरा हजार व्होल्टपर्यंत चढविला, तारा मात्र अवघ्या चार मिलिमीटर जाडीच्या. मार्गात चार संस्थानांच्या हद्दी. त्यांचे परवाने, टपालखात्याची मर्जी आणि भयचकित गावकरी यांतून वाट काढीत सुमारे तीन हजार खांब उभे राहिले. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात फ्रँकफुर्टच्या महाद्वारावर सुमारे हजार दिवे उजळले, आणि दोलिवो-दोब्रोव्होल्स्की या अभियंत्याच्या मोटारीने पाणी वर चढवून एक कृत्रिम धबधबा कोसळू लागला.

प्रेक्षकांना धबधबा पुरेसा होता, तंत्रज्ञांना नव्हता. दिवे लागले म्हणजे वीज आली एवढेच सिद्ध झाले, किती वाटेत सांडली हे नव्हे. म्हणून झ्यूरिखच्या पॉलिटेक्निकचे प्राध्यापक हाइनरिख वेबर (पुढे आइनस्टाइन ज्यांच्या वर्गात बसला व ज्यांच्याशी त्याचे फारसे पटले नाही, तेच हे) यांच्या नेतृत्वाखाली परीक्षण समिती नेमण्यात आली. टर्बाइनने दिलेल्या शक्तीपैकी दिव्यांपर्यंत किती पोचली याचा तिने टप्प्याटप्प्याने हिशेब मांडला, जनित्राचा तोटा वेगळा, ट्रान्सफॉर्मरांचा वेगळा, तारांचा वेगळा. आणि निष्कर्ष जाहीर केला तो सुमारे ७५ टक्क्यांचा. एकदिश की प्रत्यावर्ती हा वर्षानुवर्षे चाललेला वाक्कलह धबधब्याने नव्हे, या आकड्याने मिटविला, असे माझे मत आहे. टप्पे वेगळे केलेले असल्यामुळे शंका घेणाऱ्याला नेमक्या कोणत्या टप्प्यावर शंका आहे ते सांगणे भाग पडत होते.

यंत्रांचा तोटा असा उघडकीस आल्यावर हॉपकिन्सनची दृष्टी एका निराळ्याच तोट्याकडे वळली. १८९२ साली वीजपुरवठ्याच्या खर्चाविषयी दिलेल्या व्याख्यानात त्याने असे प्रतिपादिले की, गिऱ्हाइकाने वापरलेल्या विजेचा खर्च तुलनेने थोडा असतो. मोठा खर्च असतो तो त्याने केव्हाही बटण दाबले तरी वीज देता यावी म्हणून बॉयलर पेटते व यंत्रे सज्ज ठेवण्याचा, आणि हा खर्च त्याने बटण दाबले नाही तरी व्हायचा तो होतोच. तेव्हा आकारणीचे दोन भाग असावेत : एक सज्जतेबद्दल, एक वापराबद्दल. ब्रायटन शहराचा विद्युत् अभियंता आर्थर राइट याने त्यासाठी एक साधे काचेचे उपकरण बनविले. प्रवाहाने फुग्यातली हवा तापते, ती द्रवाला ढकलते, द्रव काठावरून बाजूच्या नळीत सांडतो आणि तेथेच साचून राहतो. महिनाभरातली सर्वाधिक मागणी किती होती हे त्या साचलेल्या उंचीवरून तपासनिसाला वाचता येते, मग नळी उलटी करायची की पुढच्या महिन्यासाठी उपकरण तयार. क्षणभराच्या झटक्याने ते तापत नसे, त्यामुळे क्षणिक मागणीची शिक्षा गिऱ्हाइकाला होत नसे. आज महाराष्ट्रातील कारखान्यांच्या वीजबिलात वापराच्या आकाराखेरीज जो मागणी आकार लावलेला असतो, तो हॉपकिन्सनच्या त्या व्याख्यानातला पहिला भाग होय. आणि तो किलोवॅटमध्ये न लावता किलोव्होल्ट-अँपियरमध्ये लावतात, कारण ज्या गिऱ्हाइकाच्या मोटारी स्विनबर्नच्या साळिंदराप्रमाणे प्रवाह भरमसाट घेतात व शक्ती थोडी खातात, त्याच्यासाठीही तारा आणि ट्रान्सफॉर्मर जाडजूडच बसवावे लागतात.